करंट, करंटा आणि खंड

बेन्नीतुरा खोरे दूध संघाचा टँकर चालवणारा बलभीम सरवदे सकाळी गाडीला किल्ली लावण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी घालीत असे. चाकांचे नट तो हाताने चाचपून पाही, ब्रेकच्या नळीखालच्या जमिनीवर ओल आहे का ते वाकून पाही, टाकीचे झाकण उघडून पुन्हा लावी आणि मगच आपल्या जागेवर बसे. मुरुम गावच्या या संघातले इतर चालक या फेरीला प्रदक्षिणा म्हणत. टँकरवरचा क्लीनर बिभीषण एकदा थट्टेने उदबत्ती पेटवून उभा राहिला होता. बलभीमने फेरी पुरी केली आणि उदबत्ती विझवून डिझेलच्या टाकीपासून लांब टाकायला सांगितले.

ही शिस्त त्याला टँकरने लावली नव्हती. ती विमानातून आली होती. बलभीम लहान असतानाच त्याच्या आईवडिलांनी छप्पन साली धम्माची दीक्षा घेतली होती. वयात आल्यावर तो सैन्यात भरती झाला, तिथे चालक झाला आणि पुढे स्वतःहून नाव देऊन आग्र्याला पॅराशूटचे शिक्षण घेऊन आला. सैन्यातली उडी एका अर्थी सरळ असते. छत्रीची दोरी विमानातल्या तारेला अडकवलेली असते. जवानाने दारातून बाहेर पाऊल टाकले की छत्री आपोआप उघडते. नोकरीची मुदत संपल्यावर तो पुण्यात एका कारखान्यात चालक म्हणून लागला आणि तिथे त्याला हौसेने उड्या मारणाऱ्या लोकांचे एक मंडळ सापडले. त्यांची तऱ्हा वेगळी होती. ते बरेच उंच जात, काही काळ नुसते पडत राहत, मनगटावरच्या घड्याळासारख्या यंत्रात उंची पाहत आणि ठरलेल्या उंचीला स्वतःच्या हाताने मूठ ओढून छत्री उघडीत. कोणाच्या हुकमाशिवाय, रविवारच्या सुटीत, आपल्या खुशीने माणसे असे करतात याचे बलभीमला प्रथम नवल वाटले. नंतर तो त्यांच्यातलाच झाला. त्याच्या उड्या दोनशेच्या वर गेल्या, आणि मंडळातल्या नवख्या लोकांच्या छत्र्यांच्या घड्या तपासण्याचे काम त्याच्याकडे आले.

वडील वारल्यावर आई एकटी पडली म्हणून तो गावी परतला. बहात्तरच्या दुष्काळानंतर त्या बाजूच्या पुष्कळ गावांनी दुधाचा आधार धरला होता आणि त्यातूनच संघ उभा राहिला होता. संघाला अनुभवी चालक हवा होता. बलभीमला घरापासून जवळ काम हवे होते. दर महिन्याला एका रविवारी पुण्याला जाऊन उडी मारून यायचे, एवढी सवलत त्याने संघाचे अध्यक्ष नानासाहेब यांच्याकडून मागून घेतली. गाव त्याला छत्रीवाला म्हणू लागले. प्रत्यक्षात त्याची उडी गावातल्या कोणीच पाहिलेली नव्हती. त्याची आई कडूबाई हिला कोणी विचारलेच, तर ती म्हणे, “मारतोय म्हनतोय. म्या कुठं बघितलंय?”

ही सवलत काही वर्षे सुरळीत चालली. पुढे ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर लागोपाठ दोन वर्षे पाऊस हुकला. सकाळी दूध वाहणारा चालक दुपारी दुसरी गाडी घेऊन जनावरांच्या छावणीवर पाणी वाहू लागला. रविवार उरला नाही. पुण्याचा पहिला महिना चुकला तेव्हा बलभीमला काहीतरी हरवल्यासारखे वाटले. पुढे पुढे चुकत गेले तेव्हा काहीच वाटेनासे झाले. दोन वर्षांहून अधिक काळ त्याने विमानाचे दार पाहिले नाही.

अशा वेळी संघाचे शीतकेंद्र बांधून पुरे झाले. दूध नासण्याचे दुखणे मिटणार होते आणि उद्घाटनाला मंत्री येणार होते. नानासाहेब मोठे बागाईतदार; एखादी गोष्ट डोक्यात आली की ती झालेलीच समजत. त्यांच्या डोक्यात असे आले की, मंत्र्यांनी फीत कापावी आणि त्याच क्षणी संघाचा झेंडा घेऊन आपलाच माणूस आकाशातून उतरावा. त्यांनी बलभीमला बोलावून विचारले. बलभीमने विचार न करता हो म्हटले.

एरवी तो असा हो म्हणणारा माणूस नव्हता. परंतु शीतकेंद्रासमोरचे मैदान म्हणजे गावचे जुने गायरान होते. बहात्तर साली तिथे पाझर तलावाचे काम निघाले होते आणि कडूबाईने त्या गायरानावर बसून उन्हाळाभर खडी फोडली होती. तेव्हा बलभीम सैन्यात होता. रजेवर आल्यावर त्याने तिच्या हातांचे घट्टे पाहिले होते. काम करताना तिला पाहिले नव्हते. आता त्याच जागी तिला पुढच्या रांगेत खुर्ची मिळणार होती आणि मुलगा वरून तिच्यासमोर उतरणार होता. नानासाहेबांनी खुर्चीचे आपण होऊन सांगितले होते. कडूबाईने ते आपल्या वस्तीतल्या, भीमनगरातल्या प्रत्येक घरी सांगितले.

विमान सोलापूरहून उडायचे आणि छत्र्या पुण्याच्या मंडळाने आणायच्या, असे ठरले. नानासाहेबांनी मंडळाचे प्रशिक्षक आगाशे यांना निरोप धाडला. उत्तर टेलिफोनवर आले. त्या काळी मुरुमला ट्रंक कॉल लागला म्हणजे बोलणे कमी आणि खरखर जास्त, अशी स्थिती असे. फोनजवळ संघाचे कारकून शरणबसप्पा बसले होते. आगाशे यांनी सांगितले ते एवढेच, की सरवदे सध्या करंट नाहीत, त्यामुळे मी त्यांना उडी देऊ शकत नाही, आधी त्यांना इकडे पाठवा.

शरणबसप्पांच्या घरची भाषा कन्नड. मराठी उत्तम, पण करंट हा शब्द ते विजेपुरताच ओळखत. त्यांनी नानासाहेबांना जाऊन सांगितले की, साहेबांच्या मते बलभीममध्ये करंट नाही. कॅन धूत बसलेल्या बिभीषणाने ते ऐकले.

“करंट न्हाय म्हंजे?” तो म्हणाला. “वायर तुटली का डीपीच उडाली?”

संध्याकाळपर्यंत सगळा संघ हसत होता. हसणे तिथेच थांबले असते तर बरे झाले असते. पण तोंडातोंडी जाताना शब्दाला एक काना चिकटला, आणि भीमनगरात पोहोचेपर्यंत वार्ता अशी झाली, की पुण्याच्या साहेबाने बलभीमला करंटा म्हटले. करंट्याच्या हातून शुभकार्य नको म्हणाला. साहेबाचे आडनाव आगाशे आहे हे कळल्यावर तर कोणाला शंकाच उरली नाही. वस्तीतले चार तरुण दारात येऊन उभे राहिले. नानासाहेबांकडे जाऊन जाब विचारायचा, साहेबाने माफी मागितल्याशिवाय संघाला दूध घालायचे नाही, अशी त्यांची तयारी झाली होती. कडूबाई चुलीपुढून उठून आली आणि तिने शांतपणे विचारले की, तो साहेब राहतो कुठे.

बलभीमने सर्वांना बसवून घेतले. काना कुठून आला हे त्याने तेव्हाच ओळखले होते. मंडळाच्या पत्र्याच्या खोलीत भिंतीवर जे नियम रंगवले होते, त्यांत करंट हा शब्द त्याने अनेकदा वाचला होता आणि नवख्यांना समजावूनही सांगितला होता. त्याने तरुणांना सांगितले, “करंटा न्हाय, करंट. त्येचा अर्थ चालू सराव. माझा सराव चालू न्हाय, एवढंच म्हनलेत त्ये.”

“दोनशे उड्या मारल्यावर सराव कसला, दादा?” त्यांच्यातला एकजण म्हणाला.

ते लोक थोड्या वेळाने उठून गेले. त्यांची पुरती खात्री पटली नव्हती. बलभीम मात्र त्या प्रश्नाशी अडून राहिला, कारण हाच प्रश्न दुपारपासून त्याच्याही मनात होता. करंटा या शब्दाचा त्याला राग आलाच नव्हता; तो कोणी उच्चारलाच नव्हता. त्याला राग आला होता तो खऱ्या शब्दाचा. ज्या मंडळात आपण इतरांच्या घड्या तपासल्या, त्या मंडळाने आपल्याला नवख्यासारखे बोलावून घ्यावे, हे त्याला लागले होते. आगाशे यांना तोंडावर हे सांगायचे असे ठरवून तो पुण्याला गेला.

आगाशे हवाईदलातून निवृत्त झालेले, काटकुळे आणि कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी बलभीमचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतले, चहा मागवला, आणि चहा झाल्यावर त्याला खोलीमागच्या लोखंडी चौकटीकडे नेले. या चौकटीला छत्रीचे पट्टे टांगलेले असत. माणसाला त्यांत अडकवून अधांतरी लोंबकळत ठेवायचे आणि आकाशात काय काय बिघडू शकते ते एकेक सांगून त्याच्याकडून कृती करून घ्यायची, अशी ती पद्धत होती. बलभीमने स्वतः कितीतरी जणांना तिथे टांगले होते.

मधल्या काळात मंडळात नव्या बनावटीच्या छत्र्या आल्या होत्या. जुन्या पद्धतीत मुख्य छत्री पाठीवर आणि राखीव छत्री पोटावर बांधलेली असे. राखीव छत्रीची मूठही तिथेच. नव्यात दोन्ही छत्र्या पाठीवर गेल्या होत्या आणि मुठी छातीवर आल्या होत्या. मुख्य छत्री बिघडली तर उजवीकडची मूठ ओढून तिला सोडून द्यायचे आणि डावीकडची ओढून राखीव उघडायची. आगाशे यांनी हे एकदा सांगितले. बलभीमने ते ऐकून जसेच्या तसे म्हणून दाखवले. मग आगाशे यांनी त्याला टांगले, हवेचे, उंचीचे असे काहीबाही विचारत बोलण्यात गुंतवले आणि एकाएकी आवाज चढवून म्हटले, “छत्री उघडली नाही.”

बलभीमचा हात पोटावर गेला.

तिथे काहीच नव्हते. हात सदऱ्यावर मूठ शोधत फिरला, पुन्हा फिरला, आणि मग कुठे त्याला छाती आठवली. त्याला खाली घेतल्यावर आगाशे यांनी पट्टे सोडवीत सांगितले की, नवख्या माणसाची आपल्याला फारशी काळजी वाटत नाही. त्याला काही येत नसते, म्हणून सांगितले तेवढेच तो करतो.

“तुमच्या हाताला पुष्कळ येतं, सरवदे,” ते म्हणाले. “पण ते सगळं जुन्या छत्रीचं आहे. आणि त्या वेळी हात तुम्हाला विचारत नाही.”

त्यानंतर बलभीमने आपली तक्रार पुन्हा काढली नाही. तो दिवसभर चौकटीला लोंबकळला. दुपार कलल्यावर हात न चुकता छातीवर जाऊ लागला. परंतु जमिनीवरचे शिक्षण झाल्यावर प्रशिक्षकाच्या देखत एक पडताळणीची उडी मारावी आणि मगच जाहीर समारंभात उतरावे, असा नियम होता. आणि मंडळाचे विमान दुरुस्तीला गेले होते. ते थेट उद्घाटनाच्या दिवशीच मिळणार होते. आगाशे यांनी सांगितले की, तुमच्याऐवजी लिमयेबाई येतील. मंदाकिनी लिमये या एका महाविद्यालयात शिकवीत. त्यांच्या उड्या तिसाच्याही वर गेल्या नव्हत्या. त्यांच्या पहिल्या काही घड्या बलभीमनेच तपासल्या होत्या. पण विमान दुरुस्तीला जाण्याच्या आदल्या रविवारीच त्यांनी उडी मारली होती आणि नव्या छत्रीखेरीज दुसरी छत्री त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हती.

बलभीम गावी परतला तेव्हा नानासाहेबांनी तोड काढून ठेवली होती. दुसरीकडचे एक मंडळ त्यांनी शोधले होते. ते लोक फार विचारपूस करीत नव्हते. माणूस सैन्यातला आहे एवढे त्यांना पुरे होते. बलभीमने फक्त होकार द्यायचा होता. त्याने एक दिवस मागून घेतला.

घरी त्याने आईला सगळे सांगितले. हात पोटावर गेल्याचेही सांगितले. कडूबाई सुपात ज्वारी पाखडीत होती. तिने पाखडणे थांबवले नाही. सूप रिकामे झाल्यावर तिने विचारले, “मग खुर्चीचं काय करायचं?”

“बसायचं,” बलभीम म्हणाला.

“तू वर न्हाईस तर म्या खुर्चीत बसून काय बघू?”

ती रागावली आहे की नुसती विचारते आहे हे त्याला कळले नाही. दुसऱ्या दिवशी तो नानासाहेबांकडे निघाला तेव्हा नक्की काय बोलायचे ते त्याचे ठरले नव्हते. मनातल्या मनात तो दोन्ही प्रकारची वाक्ये जुळवीत होता, आणि खरे सांगायचे तर होकाराची वाक्ये अधिक सहज जुळत होती.

नानासाहेब शेतावर होते. त्या वर्षी मृगात पाऊस बरा झाला होता, लोकांनी उडीद-मूग पेरला होता. मग पावसाने जी दडी मारली, ती पिके फुलावर येऊन गेली तरी सोडली नाही. उपटलेल्या उडदाचा ढीग बांधावर अजून पडून होता. जनावरेही त्याला तोंड लावीत नव्हती. नानासाहेबांनी बलभीमला बांधावरच बसायला सांगितले आणि त्याने तोंड उघडण्यापूर्वीच समजूत घालायला सुरुवात केली. माणूस पोहायला शिकला की विसरतो का? सायकल विसरतो का? मग दोनशे उड्या मारलेला गडी दोन वर्षांत काय विसरणार?

“विसरलो न्हाय, नानासाहेब. तोंडपाठ हाय सगळं.”

“मग? गडी त्योच, आभाळ त्येच. अडचन काय?”

बलभीमची नजर उडदाच्या ढिगाकडे गेली.

“जमीन तीच होती, बियानंबी त्येच होतं,” तो म्हणाला. “तुमी औंदा उडीद का उपटला?”

“खंड पडला की पावसाचा.”

“पीक वाळलं होतं का?”

नानासाहेब म्हणाले, “न्हाय. लांबून हिरवंगार दिसत होतं. हातात घेतल्यावर शेंगात दाना न्हाय.”

“माझंबी तसंच झालंय. लांबून हिरवा दिसतोय मी. खंड पडलाय.”

आगाशे यांनी टेलिफोनवर सांगितलेला शब्द नानासाहेबांना समजला नव्हता. हा शब्द समजला. खंडानंतरच्या पिकावर कोणी भरवसा ठेवीत नाही, हे त्यांना समजावून सांगावे लागत नव्हते. त्यांनी ढिगातली एक वाळकी शेंग उचलून बोटांनी चुरडली आणि त्या दुसऱ्या मंडळाला नको म्हणून कळवायचे कबूल केले. उठताना मात्र त्यांनी बजावले की, गावाला काय सांगायचे ते तूच बघ. आपण सांगायला गेलो तर आपण तुला डावलले असेच लोक म्हणणार. बलभीमने तेही मान्य केले आणि त्याच बैठकीत एक मागणी केली. उडी मारणार नाही, पण मैदान माझ्या ताब्यात द्या.

मैदान ताब्यात घेतले नसते तर काय झाले असते, याचा विचार पुढे त्याने टाळला. समारंभाच्या सकाळी त्याने मधोमध चुन्याची मोठी फुली आखली, तिच्याभोवती लांबवर दोरी बांधली, वाऱ्याची दिशा दिसावी म्हणून बांबूला कापडाची पिशवी बांधली आणि टँकरभोवती घाली तशी मैदानाभोवती एक फेरी घातली. फेरीहून परत येतो तो फुलीवर रांगोळी निघत होती. आखीव पांढरे चिन्ह दिसल्यावर पाहुणा तिथेच उतरणार हे उघड होते. तेव्हा स्वागतही तिथेच व्हायला हवे, असा महिला मंडळाचा सरळ हिशेब होता. औक्षणाची ताटे घेतलेल्या बायका फुलीच्या मध्यावर ओळीने उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांच्या मागे बँडवाले. बलभीमने हात जोडून सर्वांना दोरीबाहेर नेले. माणूस वरून येतो तेव्हा फुलीवर पाय टेकायला मोकळी जागा लागते, हे त्याने तीनतीनदा सांगितले. ताटातल्या निरांजनाचे आता काय करायचे, असे एकीने फणकाऱ्याने विचारले. पदराखाली धरा, असे त्याने सांगितले.

दुसरा प्रकार याहून वाईट होता. मैदानाच्या वाऱ्याकडच्या कोपऱ्यात दोन माणसे मातीत नळ्या पुरत होती. नानासाहेबांनी हौसेने तेरखेड्याहून दारूकाम मागवले होते आणि बेत असा होता, की छत्री दिसू लागली की आकाशात जाऊन फुटणारे औट सोडायचे, म्हणजे छत्री फुलांच्या वर्षावातून उतरल्यासारखी दिसेल. बलभीम धावत तिकडे गेला. छत्रीचे कापड नायलॉनचे असते; एक ठिणगी पडली तरी ते वितळून भोक पडते आणि भोकाची चीर व्हायला वेळ लागत नाही. तेरखेड्याच्या त्या दोघांपैकी वडीलधाऱ्याने त्याचे बोलणे अर्ध्यावरच थांबवले. नायलॉनचा सदरा घालून कोणी आमच्या कारखान्याच्या आवारातही येत नाही, तो म्हणाला. वर नायलॉनची छत्री आहे हे आम्हाला कोणी सांगितलेच नाही. त्याने नळ्यांवर ओले पोते टाकले आणि बाई उतरून दोरीबाहेर जाईपर्यंत पोत्यावर बसून राहिला.

गावाला काय सांगायचे, हा प्रश्न बलभीमने सोडवला नव्हता. लोकांना एवढेच ठाऊक होते, की बलभीमची उडी रद्द झाली आणि पुण्याची एक बाई येणार आहे. मंत्री आले, फीत कापली गेली, सोलापूरच्या बाजूने विमानाचा आवाज आला. पुष्कळ उंचावर एक ठिपका सुटला, काही काळ नुसता पडत राहिला आणि मग रंगीत छत्री उघडली. गायरानावर एकच गलका झाला. बलभीम छत्रीकडे पाहत नव्हता. तो बांबूवरच्या पिशवीकडे आणि दोरीकडे पाहत होता. दोरीखालून कोणी आत शिरले की तिकडे धावत होता. लिमयेबाईंनी एक वळसा घेतला आणि त्या फुलीच्या अगदी जवळ, दोन पावलांवर उतरल्या. डोक्यावरचे शिरस्त्राण काढून त्यांनी केस मोकळे केले तेव्हा बायकांनी दोरीची पर्वा केली नाही. निरांजने पदराखालून बाहेर आली.

गर्दीत बिभीषणाचा आवाज सगळ्यांच्या वर होता. “बाईला आभाळातनं धाडलं अन् आमचा वाघ खाली दोरी धरून!” लोक हसले. भीमनगरातले ते चार तरुण हसले नाहीत. पण त्यांनी बलभीमकडे पाहण्याचेही टाळले, आणि ते त्याला हसण्यापेक्षा अधिक जाणवले.

कडूबाई पुढच्या रांगेत खुर्चीवर बसली होती. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईने तिला विचारले की, तुमचा मुलगा का नाही हो उतरला, भ्याला की काय?

“त्येच्या सरावात खंड पडलाय,” कडूबाई म्हणाली. “दोन वर्सं तुमच्या जनावरांस्नी पानी वाहत होता.”

बलभीम त्या वेळी दोरी गुंडाळीत जवळून जात होता. त्याने ते ऐकले. खंड हा शब्द त्याने आईला सांगितला नव्हता. तो तिचा तिलाच सुचला असावा, किंवा नानासाहेबांच्या शेतावरून गावात पसरला असावा. संध्याकाळपर्यंत तो संघातही पोहोचला आणि मग कोणी करंट म्हटले नाही, करंटाही म्हटले नाही. बलभीमला खंड पडलाय, असे लोक म्हणू लागले. त्यात थट्टा नव्हती असे नाही. परंतु खंड ही पावसावर येणारी गोष्ट आहे, माणसावर येणारा कलंक नव्हे, हे प्रत्येकाला ठाऊक होते.

त्यानंतर बलभीमने नानासाहेबांकडे आपला महिन्याचा रविवार परत मागितला आणि दुसरा चालक ठरवून घेतला. रोजच्या फेरीत त्याने एका कृतीची भर घातली. चालकाच्या जागेवर बसल्यावर तो डोळे मिटून उजवा हात छातीच्या उजव्या बाजूला नेई, मग डावा हात डाव्या बाजूला, आणि दोन्ही वेळा हवेतली मूठ झटक्याने ओढी. दूध संकलनाच्या प्रत्येक थांब्यावरही तो हे करी. काही दिवसांत त्याच्या छातीत दुखते अशी बोलवा झाली. एका थांब्यावरच्या म्हाताऱ्याने त्याला आल्याच्या रसाचा उतारा सांगितला. बिभीषण मात्र त्या हाताकडे पाहून रोज गंभीरपणे “जय भीम, ड्रायव्हरसाहेब” म्हणू लागला. बलभीम डोळे न उघडता त्याला उत्तर देई आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी.

उद्घाटनानंतर विमान पुन्हा दुरुस्तीला गेले होते; ते पुढच्या उन्हाळ्यापूर्वी मंडळाकडे परत आले. बलभीम पुण्याला निघाला तेव्हा कडूबाईनेही लुगडे बदलले आणि ती बसमध्ये येऊन त्याच्या शेजारी बसली. मैदानावर ना मंडप होता ना खुर्ची. ती पत्र्याच्या खोलीच्या सावलीत लिमयेबाईंजवळ उभी राहिली. विमानातून तिघे सुटले. त्यांतला आपला कोणता हे तिला ओळखता आले नाही, आणि लिमयेबाई बोट दाखवीत होत्या तो ठिपका तिला दिसला की नाही हेही तिने सांगितले नाही. छत्री नीट उघडली. काहीच बिघडले नाही. उतरल्यावर आगाशे यांनी बलभीमला विचारले की, वरून खाली येताना हात कुठे होता. बलभीमने सांगितले की, छत्री उघडेपर्यंत मन छातीवरच्या दोन्ही मुठींवर होते. पोटाची आठवण झाली नाही. आगाशे यांनी मान हलवली आणि पुढचा महिना चुकवू नका, एवढे म्हटले.

कडूबाई तोवर जवळ आली होती. तिने मुलाच्या चेहऱ्याकडे पाहण्यापूर्वी त्याच्या छातीवरचे पट्टे पाहिले. घट्टे पडलेले बोट तिने डावीकडच्या, राखीव छत्रीच्या मुठीजवळ नेले, पण टेकवले नाही.

“हीच का ती?” तिने विचारले.

“व्हय, माय. हीच.”

“बरं,” ती म्हणाली, आणि परतीची बस किती वाजता आहे ते विचारले.